चौदाशे वर्षांचा गुहावासी

पुणतांबा हे नाव अलीकडच्या वाचकाला आठवते ते 2017 सालच्या जूनमधील शेतकऱ्यांच्या संपामुळे, किंवा शिर्डीचा लोहमार्ग तेथे मूळ मार्गापासून फुटतो म्हणून. भाविकांच्या लेखी मात्र गोदावरीकाठचे हे गाव शतकानुशतके एकाच कारणासाठी प्रसिद्ध आहे. तेथे चांगदेवांची समाधी आहे. याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात, हरिश्चंद्रगड उभा आहे. चांगदेवांनी तेथील गुहांत तप केले असे परंपरा मानते. दर शनिवारी पाठीवर पिशव्या घेऊन शहरातील शेकडो तरुण पाचनईच्या किंवा खिरेश्वरच्या वाटेने त्याच गडावर चढतात आणि त्याच गुहांत पथारी टाकतात. चांगदेवांची कथा त्यांच्यापैकी बहुतेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचलेली असते. परंतु आपला छंद आणि त्या योग्याचे आयुष्य यांत काही नाते आहे, असे त्यांच्या मनात क्वचितच येत असेल.

या छंदाचे कोडे साध्या हिशेबाने सुटत नाही. घरी पंखा आहे, गादी आहे. ते सोडून, पदरचे पैसे खर्चून, ओल्या कातळावर डासांच्या सोबतीने रात्र काढावयाची, यात मनुष्य नेमके काय मिळवितो? साहस म्हणावे, तर आपल्याकडील गुहांत ते बेताचेच. सह्याद्रीचा काळा पाषाण चुनखडीसारखा पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे मेघालयात आहेत तशी मैलोगणती लांबीची भुयारे येथे निर्माण झाली नाहीत. आपल्या बहुतेक लेणी-गुहा माणसाने छिन्नीने कोरलेल्या आहेत. दोर, शिडी आणि दिवे घेऊन पाताळात उतरण्याचा युरोपीय छंद येथे रुजला नाही याचे मुख्य कारण भूगर्भातच आहे. आपल्याकडे गुहेत उतरण्यापेक्षा गुहेत राहण्याचेच आकर्षण अधिक.

हरिश्चंद्रगडावरील केदारेश्वराच्या गुहेत हे आकर्षण कसे असते ते कळते. मधोमध भव्य शिवलिंग, भोवती कंबरभर पाणी, आणि चार खांबांपैकी एकच शाबूत. चार खांब म्हणजे चार युगे आणि उरलेला खांब कलियुगाचा, असे गावकरी सांगतात. बाहेर वैशाखाचे ऊन असले तरी ते पाणी अंगाला झोंबते. प्रदक्षिणा घालू लागलेला मनुष्य पहिल्या चार पावलांत बडबडतो, नंतर गप्प होतो. बाहेर आल्यावर आत किती वेळ गेला हे त्याला घड्याळ पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

चांगदेवांच्या आयुष्याचा गाभा नेमका येथेच आहे. त्यांची सारी कथा काळाशी चाललेल्या झगड्याची आहे. योगसामर्थ्याने प्राण ब्रह्मांडी नेऊन ते समाधी लावून बसत. मृत्यू दाराशी येई आणि रित्या हाताने परत जाई. अशी चौदा शतके त्यांनी काळाला हुलकावणी दिली, असे कथा म्हणते. ही अतिशयोक्ती उघडच आहे. परंतु गुहा आणि काळ यांचा जो संबंध तिने जोडला, तो निराधार नाही. 1962 साली मिशेल सिफ्र नावाचा तेवीस वर्षांचा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ आल्प्समधील एका गुहेत घड्याळावाचून सुमारे दोन महिने एकटा राहिला. सप्टेंबरच्या मध्यास त्याला बाहेर बोलाविण्यात आले, तेव्हा त्याच्या हिशेबाने ऑगस्टची वीस तारीखच उजाडली होती. सूर्य दिसेनासा झाला की मनातील दिनदर्शिका मागे पडते. ज्याचा प्रत्येक तास कोणाला तरी विकलेला आहे, अशा नोकरदाराला दोन दिवस तरी हा हिशेब चुकावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

मात्र चांगदेवांची कथा गुहेत संपत नाही, आणि म्हणूनच ती मोठी ठरली. पैठणला एका मुलाने रेड्याच्या मुखातून वेद वदविल्याची वार्ता कानी आली आणि एवढ्या मोठ्या योग्याचे चित्त अस्वस्थ झाले. ज्ञानदेवांना पत्र लिहावयास घेतले, तर मायन्यापाशीच लेखणी अडली. वयाने लहान म्हणून चिरंजीव लिहावे, की अधिकाराने मोठे म्हणून तीर्थरूप? चौदाशे वर्षे जमविणाऱ्याला एक मायना सुचला नाही. कोरा कागदच आळंदीस गेला. तो पाहून मुक्ताबाईंनी, इतकी वर्षे जगूनही हा कोराच राहिला, अशा अर्थाची टिप्पणी केली, आणि निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांचे उत्तर लिहिले. तीच ‘चांगदेव पासष्टी’. पुढे वाघावर बसून, हाती सापाचा चाबूक घेऊन आलेल्या चांगदेवांना सामोरे जाण्यासाठी भावंडांनी भिंत चालविली, हे लहान मुलांनाही ठाऊक असते. त्याहून विलक्षण भाग त्यानंतरचा आहे. चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताबाईंना. एका कोवळ्या वयाच्या मुलीला. त्या काळच्या समाजात शिष्यांच्या मेळाव्यासह वावरणाऱ्या वृद्ध योग्याने हे करणे, भिंत चालण्यापेक्षा कमी आश्चर्याचे नव्हते. एकांतात कमावलेले सारे त्यांनी एका प्रश्नापुढे खाली ठेवले.

इतिहासाच्या बाजूने पाहता मात्र चांगदेव हाती लागत नाहीत. त्यांच्या समाधीचा म्हणून शके 1227, म्हणजे इ. स. 1305, हा काळ सांगितला जातो. उलट हरिश्चंद्रगडाशी निगडित असलेला, त्यांच्या नावावरील ‘तत्त्वसार’ हा ग्रंथ शके 1234 चा, म्हणजे 1312 चा आहे. समाधीनंतर सात वर्षांनी ग्रंथ कसा लिहिला गेला? एक तर समाधीचा शक चुकीचा असावा, किंवा चांगदेव हे एकाच व्यक्तीचे नाव नसावे. गुरूचे नाव शिष्याने धारण करावे, त्याने ते आपल्या शिष्याकडे सोपवावे, अशी परंपरा मानली, तर चौदाशे वर्षांचा उलगडाही बऱ्याच अंशी होतो. मनुष्य मरतो, नाव गुहेत बसून राहते. दुसरा तर्क अधिक पटण्याजोगा आहे. निर्णायक पुरावा नाही, हेही तितकेच खरे.

गडाचा परिसर 1986 पासून अभयारण्यात मोडतो, तरी सुट्टीच्या दिवशी गुहेत शिरावे तो तेथे मोठ्याने वाजणारी गाणी, रिकाम्या बाटल्या आणि चुलीचा धूर. ज्या निःशब्दतेसाठी मनुष्य चार तास चढून आला, तीच गर्दीने संपते. शंभर जणांनी एकाच वेळी एकांत उपभोगू म्हटले, तर तो कोणालाच मिळत नाही. केदारेश्वराच्या पाण्यातही आता दगडांसोबत प्लास्टिक सापडते. सोमवारी सकाळी मात्र गड रिकामा होतो. तिकडे पुणतांब्यास चांगदेवांची समाधी गुहेत नाही. ती नदीकाठी, गावाच्या वर्दळीत आहे.