पगारातून दरमहा कापल्या जाणाऱ्या २०० रुपयांमागचा माणूस : रोजगार हमीचे जनक वि. स. पागे

महाराष्ट्रात नोकरी करणाऱ्याने आपली सॅलरी स्लिप नीट बघितली असेल तर त्यात एक छोटी कपात दिसते. प्रोफेशनल टॅक्स, म्हणजेच व्यवसाय कर. बहुतेकांचे दरमहा २०० रुपये जातात आणि फेब्रुवारीत ३००. वर्षाचे झाले २५०० रुपये.

हा कर कशासाठी घेतात, असं विचारलं तर दहातल्या नऊ जणांना सांगता येणार नाही. पण १९७५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा त्यामागचा हेतू अगदी स्पष्ट होता. शहरात पगार घेणाऱ्याने थोडे पैसे द्यायचे आणि त्यातून गावाकडच्या बिनकामाच्या मजुराला काम मिळायचं.

या सगळ्याच्या मुळाशी एक आमदार होता. तो ना मुख्यमंत्री होता, ना मंत्री. त्याचं नाव विठ्ठल सखाराम पागे.

सभापती, पण खातं नाही

पागे यांचा जन्म १९१० चा. ते सांगली भागातले, शिक्षणाने वकील, विचाराने गांधीवादी आणि सर्वोदयी. स्वातंत्र्यचळवळीत त्यांनी तुरुंगवासही भोगला.

१९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं आणि त्याच वर्षी पागे विधान परिषदेचे सभापती झाले. ते १९७८ पर्यंत, तब्बल १८ वर्षं त्या खुर्चीवर होते.

आता सभापतिपद म्हणजे मानाचं पद, पण हातात खातं नसतं. बजेट नसतं, बदल्या करता येत नाहीत, योजना जाहीर करता येत नाहीत. सभागृहात बाजू घेऊन भाषणही करता येत नाही, कारण तिथे सगळ्यांना समान वागवायचं असतं. अशा जागेवर बसलेल्या माणसाने राज्याच्या सगळ्यात मोठ्या योजनेचा पाया घातला.

तोवर काय व्हायचं?

त्याआधी मजुराला सरकारी काम कधी मिळायचं? तर दुष्काळ जाहीर झाला की. ही पद्धत इंग्रजांच्या काळापासून चालत आली होती. पिकांची आणेवारी काढायची, ती ठरलेल्या मर्यादेखाली गेली की टंचाई जाहीर करायची आणि मग दुष्काळी कामं काढायची. खडी फोडायची, रस्ते करायचे. पाऊस पडला की कामं बंद.

पण भूमिहीन मजुराचा दुष्काळ आणेवारी बघून येत नाही. चांगल्या पावसाच्या वर्षातही सुगी संपली की त्याच्या हाताला काम नसतं. माघ-फाल्गुनापासून मृगापर्यंत चूल कशी पेटवायची, हा प्रश्न त्याला दरवर्षी पडतो. तासगाव, आटपाडी, जतच्या कोरडवाहू पट्ट्यात हे उघड दिसत होतं.

पागे यांचं म्हणणं साधं होतं. काम कधी काढायचं हे सरकारने ठरवण्यापेक्षा मजुराने ठरवावं. तो मागेल तेव्हा त्याला काम मिळावं. राज्यघटनेच्या कलम ४१ मध्ये कामाच्या हक्काचा उल्लेख आहे, पण ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी कोर्टात जाता येत नाही. पागे यांना ते कागदावरून गावात आणायचं होतं.

सुरुवात एका गावातून

१९६५ मध्ये त्यांनी तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांना पत्र लिहून ही कल्पना मांडली. एकदम राज्यभर योजना काढा, असा त्यांचा हट्ट नव्हता. आधी एका गावात करून बघू, असा प्रस्ताव होता. गाव ठरलं तासगाव तालुक्यातलं विसापूर.

सरकारी अधिकाऱ्यांची भीती अशी की मागेल त्याला काम म्हटलं तर सगळं गावच रांगेत उभं राहील आणि तिजोरी रिकामी होईल. पण योजनेतच त्याचं उत्तर होतं. काम अंगमेहनतीचं, उन्हातलं आणि मजुरी बेताची. ज्याला दुसरीकडे चार पैसे जास्त मिळतात तो कशाला माती उपसायला येईल? खरी गरज असलेला माणूसच येणार. म्हणजे गरीब कोण हे शोधायला वेगळी यादी करायची गरजच नाही.

विसापूरच्या प्रयोगानंतर १९६९ मध्ये ११ जिल्ह्यांतल्या निवडक भागांत हीच पद्धत वापरली गेली. १९७२ मध्ये ती रोजगार हमी योजना म्हणून राज्याने स्वीकारली.

आणि त्याच सुमारास १९७२ चा दुष्काळ पडला.

आजही घरातले म्हातारे त्याची आठवण काढतात. १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख लोक दुष्काळी कामांवर होते. ही कामं जुन्या टंचाईच्या नियमांखालीच चालली, पण त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक म्हणजे एवढ्या लोकांना काम देणं सरकारला जमतं. दुसरी म्हणजे हे पाऊस पडल्यावर बंद करून चालणार नाही. शेतमजुरांच्या संघटना, डावे आणि समाजवादी पक्ष यांनीही मोर्चे काढून हमीची मागणी लावून धरली.

पैसा कुठून आणायचा?

बहुतेक चांगल्या योजना इथेच अडकतात. घोषणा होते, पहिल्या वर्षी तरतूद होते आणि तिसऱ्या वर्षी पैसे नाहीत म्हणून फाइल बंद होते.

रोजगार हमीचं तसं झालं नाही, कारण तिच्यासाठी वेगळा निधी उभा राहिला. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. त्याच्या जोडीला वाहनं, विक्रीकर, ओलिताखालची शेती आणि शहरांतल्या बिगरनिवासी मिळकती यांच्यावर जादा कर किंवा उपकर बसला. जेवढी रक्कम जमेल तेवढीच राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असं ठरलं.

मग १९७७ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम मंजूर केला. परिषदेत तेव्हा सभापती पागेच होते. २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

कायद्याने काय बदललं?

- ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढ व्यक्तीला नाव नोंदवून अंगमेहनतीचं काम मागता येऊ लागलं.
- मागणी केल्यापासून १५ दिवसांत काम द्यायचं, नाहीतर बेकारी भत्ता द्यायचा.
- खर्चाचा किमान ६० टक्के भाग मजुरीवरच व्हायला हवा.
- पाझर तलाव, नालाबांध, मृदसंधारण अशा गावाची मालमत्ता वाढवणाऱ्या कामांना प्राधान्य.
- वर्षाला किती दिवस काम, याला मर्यादा नाही.

पुरुषाइतक्याच दराने मजुरी मिळत असल्याने बायका मोठ्या संख्येने कामावर आल्या. अनेक ठिकाणी त्या निम्म्याच्या आसपास होत्या.

सगळंच गोड झालं का?

नाही. बेकारी भत्ता दिवसाला १ रुपया इतका तुटपुंजा होता आणि तोही हातात क्वचितच पडला. नवीन काम सुरू करायला किमान ५० मजूर लागायचे, त्यामुळे लहान वस्त्यांची अडचण व्हायची. खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या. झालेल्या तलावांचं पाणी ज्याच्याकडे जमीन होती त्यालाच जास्त मिळालं, भूमिहीन तिथल्या तिथे राहिला.

१९८८ मध्ये मजुरी मोठ्या प्रमाणात वाढली, पण त्यानंतर कामावरच्या मजुरांची संख्या घटली. मागेल त्याला काम ही हमी आखडती घेतली गेल्याची टीका अभ्यासकांनी केली. पुढे तर निधीत पैसे शिल्लक आणि गावात लोक रिकामे, असंही चित्र दिसलं.

पागे १९९० मध्ये गेले. त्याच वर्षी रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली आणि डोंगरउतारांवर आंबा, काजू, डाळिंब, बोरं उभी राहू लागली.

२००५ मध्ये केंद्राने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता. केंद्राने एका कुटुंबाला वर्षात १०० दिवसांची हमी दिली. त्यापुढच्या दिवसांचा भार महाराष्ट्राने स्वतःच्या निधीतून उचलायचं ठरवलं.

आज आमदाराने काय काम केलं, असं विचारलं की आमदार निधीतलं सभामंडप, गटार, पेव्हर ब्लॉक मोजले जातात. पागे यांच्या नावावर अशी एकही कोनशिला लागली नसती तरी चाललं असतं. विधिमंडळातल्या संसदीय प्रशिक्षण केंद्राला त्यांचं नाव आहे. नव्या आमदारांनी तिथे शिकण्यासारखी गोष्ट त्या नावातच आहे. एका गावात करून बघितलं, त्यासाठी हक्काचा पैसा उभा राहिला आणि मग कायदा झाला. म्हणूनच सरकारं बदलली तरी ती हमी टिकली.