कोसबादच्या अनुताई वाघ

नाशिकहून निफाडकडे जाताना गोदाकाठी चांदोरी हे गाव लागते. हा परिसर द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. परंतु १९२९ साली १९ वर्षांची एक शिक्षिका येथे रुजू झाली होती, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे आदिवासी मुलांसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले, त्या अनुताई वाघ त्या ह्याच.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगाव येथे झाला. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांतच वैधव्य आले. बालविधवेने घराच्या कोपऱ्यात आयुष्य कंठावे, अशी त्या काळची रूढी. अनुताईंनी मात्र शिक्षणाची कास धरली. प्रशिक्षण घेऊन त्या चांदोरीस आल्या व १९३३ पर्यंत तेथे राहिल्या. नंतर पुण्याच्या हुजूरपागेत नोकरी करीत, रात्रशाळेत शिकून त्या १९३७ साली मॅट्रिक झाल्या. बी.ए.ची पदवी त्यांनी १९६१ साली, वयाच्या ५१ व्या वर्षी मिळविली! आमच्या घरातून कॉलेजात आलेली मी पहिलीच. त्यामुळे या पदवीचे मोल मला विशेष वाटते.

१९४५ साली ताराबाई मोडकांनी डहाणूजवळ बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, तेव्हा पुण्याची स्थिर नोकरी सोडून अनुताई त्यांच्याबरोबर गेल्या. त्या भागातील वारली समाज सावकार व जमीनदारांच्या कचाट्यात होता. त्याच वर्षी गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध लढा उभारला होता. अशा घरांतील मुले बालवाडीत येत नसत. तेव्हा या दोघींनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीपुढच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. महागडी साधने न आणता दगड, बिया, पाने, शिंपले यांवरच मुले मोजायला शिकली.

काही वर्षांनी हे कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे आणखी एक अडचण दिसून आली. मोठी मुले गुरांमागे जात आणि मुलींच्या कडेवर धाकटे भावंड असे. आई मजुरीला गेल्यावर मूल सांभाळायचे कोणी? मग गुरे चरतात तेथेच कुरणशाळा भरली आणि शाळेला जोडून पाळणाघर व बालवाडी आली. तान्हे मूल पाळण्यात निजले, की बहिणीचे हात पाटीसाठी मोकळे होत. मला अनुताईंच्या कार्याचा गाभा येथेच दिसतो. मुलगी शाळेत का येत नाही, याचा दोष त्यांनी तिच्या आईबापांना दिला नाही; तिच्या कडेवरचे ओझे पाहिले.

१९७३ साली ताराबाई निवर्तल्या. त्यानंतर अनुताईंनी ही धुरा सांभाळली. १९८५ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. दरम्यान, २ ऑक्टोबर १९७५ पासून केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली व अंगणवाडी हा शब्द देशभर पोहोचला.

शब्द पोहोचला, पण सारा विचार पोहोचला काय? अंगणवाडीतील शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी, तेही दिवसातील काही तास. त्याहून लहान बाळासाठी पाळणाघराची सोय आजही फार थोड्या ठिकाणी आहे. पेठ, सुरगाणा या आमच्या भागांतील कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला जातात, तेव्हा अंगणवाडी पाड्यावरच राहते. माझी थोरली बहीण अशाच एका बागेच्या बांधावर मला कडेवर घेऊन बसत असे. ती चौथीपुढे शिकली नाही, मी बी.ए.ला आहे.

आदिवासी विकासाचे आयुक्तालय आपल्या नाशिकमध्येच आहे. हंगामापुरती का होईना, द्राक्षबागांशेजारी पाळणाघरासह अंगणवाडी भरविणे काही अशक्य नाही. गुरांमागे कुरणात शाळा जाऊ शकते, तर मजुरांमागे चांदोरीच्या मळ्यात का जाऊ नये? अनुताईंच्या पहिल्या कर्मभूमीत हे घडले, तर त्यांचे याहून उचित स्मारक दुसरे कोणते असेल!