जीवनाची बाराखडी उलगडणारे डॉ. हरगोविंद खुराना

पंजाबातील रायपूर हे जेमतेम १०० वस्तीचे खेडे. आज ते पाकिस्तानात आहे. १९२२ साली तेथे हरगोविंद खुराना यांचा जन्म झाला. पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. वडील गणपतराय गावचे पटवारी होते. घरची स्थिती बेताची. परंतु गावात लिहिता-वाचता येणारे असे जवळजवळ हे एकच कुटुंब. मुलांनी शिकलेच पाहिजे, हा वडिलांचा निर्धार होता. हरगोविंदांची पहिली चार वर्षे झाडाखाली भरणाऱ्या शाळेत गेली.

पुढे मुलतानच्या डी.ए.व्ही. शाळेत रतनलाल या शिक्षकांचा त्यांच्यावर सखोल प्रभाव पडला. लाहोरला एम.एस्सी. झाल्यावर १९४५ साली सरकारी शिष्यवृत्ती घेऊन ते लिव्हरपूलला गेले. १९४८ मध्ये पीएच.डी. मिळवून झुरिचला काही काळ संशोधन केले आणि १९४९ मध्ये ते मायदेशी परतले. फाळणीने जन्मगाव परके झाले होते आणि स्वतंत्र भारतात या तरुण रसायनशास्त्रज्ञाला मनाजोगे काम मिळाले नाही. नाइलाजाने ते केंब्रिजला गेले. तेथून १९५२ मध्ये कॅनडातील व्हँकूव्हरला आणि १९६० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात.

त्या सुमारास जीवशास्त्रापुढे एक मोठे कोडे होते. पेशीच्या केंद्रकातील डीएनएमध्ये आनुवंशिक माहिती साठवलेली असते. तिची नक्कल आरएनएच्या रूपाने रायबोसोमकडे पोहोचते आणि तेथे अमिनो आम्लांची साखळी गुंफून प्रथिन तयार होते. आरएनएची अक्षरे अवघी चार, तर प्रथिनांतील अमिनो आम्ले २०. मग कोणत्या शब्दाचा अर्थ कोणते आम्ल? तीन अक्षरांचा एक शब्द मानल्यास एकूण ६४ शब्द होतात. १९६१ साली मार्शल नीरेनबर्ग यांनी त्यांतील पहिल्या शब्दाचा अर्थ लावला.

खुराना यांनी आपले रसायनकौशल्य येथे पणाला लावले. अक्षरांचा क्रम आधीच ठाऊक असलेले आरएनए त्यांनी प्रयोगशाळेत घडवले. यू आणि सी ही अक्षरे एकाआड एक ठेवली, तर यूसीयू आणि सीयूसी हे दोनच शब्द आलटून पालटून वाचले जातात. तयार झालेल्या साखळीतही सेरिन आणि ल्युसिन ही दोन आम्ले तशीच एकाआड एक आढळली. अशा अनेक प्रयोगांतून तीन अक्षरी शब्दांची कल्पना पक्की झाली. ६४ पैकी तीन शब्द पूर्णविरामाचे आहेत, हेही स्पष्ट झाले. १९६८ चे नोबेल पारितोषिक खुराना, नीरेनबर्ग आणि रॉबर्ट हॉली यांना विभागून मिळाले.

खुराना तेथे थांबले नाहीत. वाचता आलेली लिपी लिहिताही यावी, हा त्यांचा पुढचा ध्यास होता. १९७० मध्ये ते एमआयटीत गेले. तेथे त्यांच्या चमूने प्रयोगशाळेत घडवलेले जनुक जिवंत जिवाणूत प्रत्यक्ष कार्य करते, हे १९७६ मध्ये सिद्ध झाले. आज प्रयोगशाळेत जनुके सहज घडवली जातात, त्यामागे ही पायाभरणी आहे.

२०११ मध्ये अमेरिकेतच त्यांचे निधन झाले. भारताने १९६९ साली त्यांना पद्मविभूषण दिले. मात्र ऐन उमेदीत त्यांना हवी असलेली प्रयोगशाळा हा देश देऊ शकला नव्हता. त्याआधीचे मोलाचे देणे मात्र इथल्याच मातीचे होते : शिक्षणासाठी झटणारा पिता, मनापासून शिकवणारे गुरुजी आणि झाडाखाली गिरवलेली पहिली अक्षरे.