आधी खराटा, मग कीर्तन

आज गाडगेबाबांची आठवण काढू.

डेबू लहान असतानाच वडील झिंगराजी दारूपायी गेले. आईसोबत मामाच्या आश्रयाला राहावं लागलं. ते दुःख डेबूजी विसरले नाहीत. पुढे मुलीच्या बारशाला मटण-दारूची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं. १९०५ साली घर सोडलं.

गावात शिरले की आधी हाती खराटा. दिवसभर गटारं, उकिरडे साफ करायचे नि रात्री कीर्तन. त्यात ते सांगत कमी, विचारत जास्त. उत्तर गावकऱ्यांच्याच तोंडून यायचं. दारूनं पोळलेल्या घरातला माणूस उपदेशानं आणखी मिटतो, हे बाबांना घरचंच ठाऊक असावं.

मुलगा गोविंदा गेल्याची बातमी ऐन कीर्तनात आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. याला वैराग्य म्हणतात खरं. आम्हाला त्यात समोर बसलेल्या, अशीच लेकरं गमावलेल्या लोकांची सोबत दिसते.

मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रोग्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांनी धर्मशाळा बांधली. स्वतः मात्र फिरतच राहिले, आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीजवळ वाटेतच देह ठेवला.