खेड्याच्या दारी शाळा आणणारे कर्मवीर भाऊराव पाटील

ज्या नेवासे तालुक्यात श्रीज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत सांगून ज्ञानाचे दार सर्वांस मोकळे केले, त्याच तालुक्यातील आमच्या सोनईसारख्या गावांत सामान्य शेतकऱ्याच्या मुलास अक्षरओळख होण्यासाठी पुढे कित्येक शतके वाट पाहावी लागली, ही गोष्ट मनास चटका लावणारी आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मिशनने जवळच्या वडाळे येथे ठाणे करून शाळा चालविल्या. तरवडीचे मुकुंदराव पाटील यांनी १९१० साली ‘दीनमित्र’ सुरू करून बहुजनसमाजास शिक्षणाचे महत्त्व पटविण्याचे व्रत घेतले. पुढे लोकल बोर्डाच्या शाळाही आल्या. तथापि गावची शाळा संपली म्हणजे खरी अडचण उभी राही. मुलगा हुशार असला, तरी शहरात त्याने राहावयाचे कोठे आणि खावयाचे काय, येथेच गाडे अडे. या एका प्रश्नाचे उत्तर शोधण्यात ज्यांनी आपले सारे आयुष्य वेचले, त्या कर्मवीर भाऊराव पाटील यांचे पुण्यस्मरण या स्मरणिकेत करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी एका जैन कुटुंबात झाला. त्यांचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगौंडा हे सरकारी नोकरीत होते. इंग्रजी शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापुरास गेले आणि तेथील जैन बोर्डिंगात राहू लागले. राजर्षी शाहू महाराजांनी त्या काळी निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे निघावीत म्हणून उदार आश्रय दिला होता. ज्ञातीच्या वसतिगृहांनी खेड्यांतील शेकडो मुलांच्या शिक्षणाची सोय केली, हे त्यांचे ऋण कोणीही नाकारू नये. पुढे ज्ञातिबंधन ओलांडणारे भाऊराव हेही अशाच एका वसतिगृहाच्या अन्नावर वाढलेले विद्यार्थी होते.

परंतु त्याच वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. १९०८ साली अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी स्थापन झालेल्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभास ते गेले आणि परतल्यावर शुद्धीसाठी स्नान करण्यास त्यांनी साफ नकार दिला. व्यवस्थापकांस ते रुचले नाही. महाराजांनी त्यांना आश्रय दिला. पण शालेय अभ्यासात त्यांचे मन फारसे रमले नाही आणि मॅट्रिकची पायरी त्यांनी कधी ओलांडली नाही. ज्याने पुढे महाविद्यालये काढली, तो स्वतः मॅट्रिकही नव्हता, हे आमच्या तरुणांनी ध्यानात ठेवावे.

यानंतर ओगले आणि किर्लोस्कर यांच्या कारखान्यांच्या मालाचे विक्रेते म्हणून त्यांनी नोकरी केली. लोखंडी नांगर विकण्याच्या निमित्ताने ते गावोगाव हिंडले आणि शेतकऱ्याचे दारिद्र्य व अज्ञान ही एकाच रोगाची दोन लक्षणे आहेत, अशी त्यांची खात्री पटली. इस्लामपुरास वर्गाबाहेर बसून धडे ऐकणारा एक अस्पृश्य मुलगा त्यांच्या दृष्टीस पडला. त्याला त्यांनी आपल्याबरोबर नेले आणि कोल्हापुरास मिस क्लार्क वसतिगृहात ठेवले. ज्या वसतिगृहाच्या समारंभास गेल्यामुळे त्यांचे स्वतःचे छप्पर गेले होते, तेच त्यांनी दुसऱ्याच्या मुलास मिळवून दिले.

दूधगाव येथे सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढण्यात ते १९१० च्या सुमारासच पुढे झाले होते. १९१९ साली कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आणले. तेथील वसतिगृहात मराठा, महार, मांग, जैन, मुसलमान अशी सर्व मुले एकाच चुलीवरचे अन्न एकाच पंक्तीत बसून खात. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुलांनी शेतात राबावे, स्वतःचा स्वयंपाक करावा, भांडी घासावीत आणि शिकावे, असा तेथील शिरस्ता होता. खेड्यांतील माउल्या मूठ मूठ धान्य बाजूस काढून ठेवीत. त्या धान्यावर ही चूल पेटे.

आणि धान्य संपले की भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई पुढे होत. पती फिरतीवर असता मुले उपाशी राहू नयेत म्हणून त्या साध्वीने एकामागून एक दागिने मोडले, आणि अखेर गळ्यातील मंगळसूत्रही काढून दिले. १९३० साली त्या निवर्तल्या. संस्थेचे वैभव पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. पण त्या वैभवाचा पाया त्यांच्याच सोन्यावर उभा आहे.

पुढील कार्याचा विस्तार थोडक्यात सांगतो. शिक्षक हवेत म्हणून १९३५ साली अध्यापक विद्यालय निघाले. ज्या खेड्यांत शाळा नव्हती, अशा पाचशेहून अधिक खेड्यांत व्हॉलंटरी शाळा उघडल्या. १९४० साली साताऱ्यास सयाजीराव महाराजांच्या नावे हायस्कूल आणि १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले. महात्माजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावे १०१ हायस्कुले काढण्याचा संकल्प भाऊरावांनी केला. १९५९ साली पद्मभूषण हा किताब व पुणे विद्यापीठाची सन्माननीय पदवी त्यांना लाभली आणि त्याच वर्षी ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले.

आमच्या जिल्ह्यात श्रीरामपूर व कोपरगाव येथे रयत शिक्षण संस्थेची महाविद्यालये आहेत आणि खुद्द सोनईत मुळा एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय आहे. ज्या वाटेवर भाऊरावांनी पहिले पाऊल टाकले, त्याच वाटेने खेड्यांत शिक्षण पोहोचले.

ज्ञातिबंधूंनो आणि भगिनींनो, आपली संस्था ज्ञातीची आहे आणि तिच्या शिष्यवृत्तीवर आपल्या मुलांचा पहिला हक्क वाटणे स्वाभाविक आहे. पण कर्मवीरांचे चरित्र आपणांस एक अवघड प्रश्न विचारते. ज्ञातीच्या ज्या घराने त्यांना आसरा दिला, त्याच घराने एका स्नानासाठी त्यांना दूर लोटले. आपल्या दाराशी उद्या परक्या ज्ञातीचा गरजू मुलगा उभा राहिला, तर आपण काय करणार? आपले घर बांधणे हा दोष नव्हे. मात्र त्याचे दार आतून कडी घालण्यासाठी आहे की उघडण्यासाठी आहे, याचा निर्णय आपणच करावयाचा आहे. तो कर्मवीरांना साक्षी ठेवून व्हावा, एवढीच आमची नम्र विनंती.