पदर न ढळू देता

रमाबाई रानडे म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींना आठवते ती २०१२ मधल्या ‘उंच माझा झोका’ मालिकेतली गोड, छोटीशी रमा. मला मात्र नंतरच्या, पन्नाशीकडे झुकलेल्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात. काळ बदलला तसं त्यांनी स्वतःला एकदा नाही, दोन-तीनदा बदललं. तेही घराशी नातं न तोडता.

जन्म २५ जानेवारी १८६२चा, सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचा. (यशवंतराव चव्हाणांचंही हेच जन्मगाव.) मुलींना शिकवायची तेव्हा पद्धतच नव्हती. १८७३ मध्ये लग्न होऊन अकराव्या वर्षी त्या सासरी आल्या, तेव्हा अक्षरओळखही नव्हती. नवरा न्यायाधीश महादेव गोविंद रानडे, वय ३१, विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर ते विधवेशीच लग्न करतील, असं सगळ्यांना वाटत होतं. पण वडिलांपुढे त्यांचं काही चाललं नाही. लोकांनी नावं ठेवली, आणि मला विचाराल तर ठेवण्यासारखंच होतं ते! मात्र याच नवऱ्यानं या छोट्या बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

खरी परीक्षा होती ती घरात. सासरच्या वडीलधाऱ्या बायकांना हे शिकणं मुळीच पसंत नव्हतं, इंग्रजी तर नाहीच नाही. टोमणे, अबोला, घालूनपाडून बोलणं रोजचंच. रमाबाई उलटून बोलल्या नाहीत. दिवसा घरची कामं चोख करायची आणि रात्री धडा घ्यायचा. नाशिकला बदली झाली तेव्हा त्यांनी पहिलं जाहीर भाषण केलं. ते लिहून दिलं होतं रानड्यांनी. पुढे त्या स्वतःच बोलू लागल्या, मराठीत आणि इंग्रजीतही.

आजची मुलगी विचारेल, एवढं ऐकून कशाला घ्यायचं? प्रश्न माझ्याही मनात येतो. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, त्या कुणाची भीड न ठेवणाऱ्या. घरच्यांचा रोष पत्करून आपल्या रमाबाई त्यांच्या सभांना जात राहिल्या. पण त्यांचा रस्ता त्यांनी धरला नाही. सासूबाईंचा मान ठेवला, सभाही सोडली नाही. या दोन्हींत मनाची किती ओढाताण झाली असेल, ते आपल्यासारख्या एकत्र कुटुंबात राहिलेल्या बायकांना वेगळं सांगायला नको.

१९०१ मध्ये रानडे गेले. रमाबाई तेव्हा ३८ वर्षांच्या. जवळजवळ वर्षभर त्यांनी पुण्याच्या घरात स्वतःला कोंडून घेतलं. आजवर प्रत्येक पाऊल नवऱ्याच्या बोटाला धरून टाकलेलं, आता बोट सुटलं होतं. विधवेनं कोपऱ्यात बसावं असाच तो काळ. तरी त्या उठल्या. डोक्यावरचा पदर तसाच ठेवून सभांना, तुरुंगातल्या बायकांना भेटायला, दवाखान्यांत जाऊ लागल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढलं, त्याचं नेतृत्व रमाबाईंकडे आलं. पुढच्याच वर्षी गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं पुण्याचं सेवासदन सुरू झालं.

तिथं शिवणकाम, भाषा हे होतंच, पण नर्सिंगही होतं. परक्या माणसाची शुश्रूषा करायची, हे त्या वेळच्या पांढरपेशा घरांना कमीपणाचं वाटायचं. घरात ओझं मानल्या गेलेल्या विधवांना तिथून स्वतःच्या कमाईची वाट मिळाली. रमाबाईंचं साधं, सोवळं वागणं पाहून लोक आपल्या लेकी-सुना विश्वासानं पाठवत, असं मला वाटतं. एखादी झगमगीत सुधारक बाई असती तर पाठवल्या असत्या का, कोण जाणे.

१९१० मध्ये त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ हे पुस्तक आलं. त्यात त्या स्वतःकडे कमीपणाच घेतात. मला ते थोडं खटकतं. कारण याच बाई १९२०च्या सुमारास पुण्यातल्या बायकांना घेऊन रस्त्यावर उतरल्या. मागणी होती मुलींनाही सक्तीचं प्राथमिक शिक्षण. विरोध मोठ्या मोठ्या पुढाऱ्यांचा होता. पण आता त्यांना भाषण लिहून द्यायला कुणी नव्हतं आणि गरजही नव्हती. मग बायकांच्या मतदानाच्या हक्कासाठी त्यांनी कंबर कसली. १९२१ मध्ये मुंबई इलाख्यात तो हक्क मिळाला, अर्थात मोजक्याच बायकांना. १९२४ मध्ये रमाबाई गेल्या. पुण्याचं सेवासदन आजही आहे.