डॉ. भाऊ दाजी लाड

आपल्या ज्ञातीस ललामभूत झालेले डॉ. रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच भाऊ दाजी, ह्यांचा जन्म गोमंतकात पेडणे महालातील मांद्रे गावी झाला. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडीत ते होते. पुढे त्यांनी स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. व्यवसायात कीर्ती व धन लाभले. तथापि बंधू डॉ. नारायण दाजी ह्यांच्यासह धर्मार्थ दवाखाना चालवून गोरगरिबांस त्यांनी विनामूल्य औषधोपचार केले. १८६९ व १८७१ साली मुंबईचे शेरीफपदही त्यांस प्राप्त झाले.

समाजाने दूर लोटलेल्या महारोग्यांविषयी त्यांस विशेष कणव होती. कडू कवठीच्या तेलाचा उपचार करून त्यांनी अनेकांस उतार पाडला. परंतु प्रयोगांची पुरती खातरजमा होईपर्यंत त्यांनी औषध गुप्त ठेविले. रोगहारक ज्ञान झाकून ठेवणे वैद्यकधर्मास सोडून आहे, असा आक्षेप समव्यवसायी डॉक्टरांनी घेतला. अर्धवट अनुभवावर औषध जाहीर केल्यास रोग्यांची फसगत होते, हे खरे. पण विलंबानेही रोगीच नाडला जातो, हेही तितकेच खरे. १८७४ साली भाऊ निवर्तले आणि हा वाद त्यांच्या हातून मिटावयाचा राहून गेला. पुढे त्याच जातीच्या तेलांचा उपचार, १९४० नंतर सल्फोन औषधे येईपर्यंत, जगभर रूढ होता.

ज्ञातीतील तरुण डॉक्टरांनी भाऊंची भूतदया अंगी बाणवावी आणि पारखून घेतलेले ज्ञान वेळीच सर्वांच्या हाती द्यावे. त्या थोर धन्वंतरीच्या ऋणाची हीच खरी फेड होय.